चंद्रशेखर वेंकट रामन

पावसाळ्यांत आपल्या धाराशिवच्या रस्त्यावरील डबक्यांत तेलाचा थेंब पडला, कीं त्याचा पातळ पापुद्रा पसरून इंद्रधनुष्याचे रंग उमटतात, हें तुम्हीं पाहिलेंच असेल. असल्या रंगांचें वेड ज्यांना जन्मभर पुरलें, त्या रामन यांची ही अल्प कथा.

त्यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजीं तिरुचिरापल्लीजवळ झाला. विशाखापट्टणच्या सेंट अ‍ॅलॉयसियस या मिशनरी शाळेंतून ते अवघ्या अकराव्या वर्षीं मॅट्रिक झाले. १९०७ मध्यें एम. ए. होतांच सरकारी हिशेबखात्यांत त्यांना मोठ्या पगाराची जागा मिळाली. या नोकरींत ते कांहीं काळ नागपुरासही होते. दिवसा कचेरी आणि उरलेल्या वेळांत प्रयोग, असा त्यांचा क्रम असे. १९१७ मध्यें कलकत्ता विद्यापीठाची प्राध्यापकी चालून आली. वेतन पुष्कळच कमी. तरी त्यांनीं हिशेबखातें सोडलें. संसारी माणसास असा निर्णय किती जड जातो, हें आपल्या वडिलांस विचारावें.

१९२१ च्या विलायतेच्या प्रवासांत भूमध्य समुद्राची निळाई त्यांच्या मनांत भरली. ती केवळ आकाशाचें प्रतिबिंब नसून पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, असें त्यांनीं दाखविलें. पुढें २८ फेब्रुवारी १९२८ रोजीं मोठा शोध लागला. एकरंगी प्रकाश द्रवांतून सोडिला असतां विखुरलेल्या प्रकाशाचा अत्यल्प अंश रंग बदलून बाहेर पडतो. रेणूंतील अणु सतत कंप पावतात. प्रकाश त्या कंपांस कांहीं शक्ति देतो अथवा त्यांजकडून घेतो. प्रत्येक द्रव्याचे कंप निराळे. म्हणून वर्णपटांतील नव्या रेषांवरून रेणूची घडण ओळखतां येते. १९३० मध्यें त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. या प्रयोगांत के. एस. कृष्णन हे त्यांचे सहकारी होते. त्यांचें नांव आमच्या वर्गांतून क्वचितच निघतें, हें मला खटकतें.

रामन २१ नोव्हेंबर १९७० रोजीं बंगळूर येथें वारले. १९७४ मध्यें इंग्लंडांत फ्लाइशमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं खरखरीत केलेल्या चांदीवर चिकटलेल्या पिरिडीन द्रव्याचा रामन-वर्णपट मिळविला. चांदीमुळें तो प्रकाश लक्षपटींनीं वाढतो, हें १९७७ मध्यें उमगलें. तेव्हांपासून एकाच रेणूइतक्या जाडीचा सेंद्रिय थरही तपासतां येऊं लागला. तो डबक्यावरील पापुद्र्याहून शेकडों पटींनीं पातळ; डोळ्यांस त्याचा रंग मुळींच दिसत नाहीं. परंतु त्यांतील रेणु उभे आहेत कीं आडवे, हें त्या रेषा सांगतात.