मिग-२१, चीनचा बॉम्ब आणि यशवंतराव चव्हाण: देशाचा धाक कसा उभा राहतो?

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये मिग-२१ विमानं हवाई दलातून निवृत्त झाली. त्या दिवशी तुमच्याही फोनवर रील्सचा पाऊस पडला असेल. विमानाचा वेग, त्याचा आवाज, १९७१, बालाकोट, सगळं होतं. पण मी पाहिलेल्या रील्समध्ये एक नाव कुठेच दिसलं नाही: यशवंतराव चव्हाण.

मी मूळचा नांदेडचा. आमच्याकडे यशवंतराव म्हटलं की संयुक्त महाराष्ट्र, पंचायत राज आणि सहकारी साखर कारखाने आठवतात. संरक्षणमंत्री म्हणून त्यांनी चार वर्षं काय केलं, हे आपल्या पिढीला फारसं माहीत नाही. आज अण्वस्त्रांचा धाक, हवाई दलाचं आधुनिकीकरण, स्क्वाड्रनची कमतरता असे जे शब्द आपण बातम्यांत ऐकतो, त्यातले बरेच प्रश्न पहिल्यांदा त्यांच्याच टेबलावर आले होते. म्हणून आज एखाद्या गॅजेटऐवजी एका माणसाचं आयुष्य समजून घेऊ.

देवराष्ट्रे ते दिल्ली

जन्म १२ मार्च १९१३, गाव देवराष्ट्रे, तेव्हाचा सातारा जिल्हा, आताचा सांगली. वडील लहानपणीच गेले. आई विठाबाईंनी हलाखीत मुलं वाढवली. शाळा कराडला झाली. शाळेत असतानाच ते स्वातंत्र्यचळवळीत उतरले आणि १९३२ मध्ये तुरुंगात गेले. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून बीए आणि पुण्यातून वकिली. १९४२ मध्ये वेणूताईंशी लग्न झालं आणि काही आठवड्यांतच ते चलेजाव आंदोलनात भूमिगत झाले.

१९४६ मध्ये आमदार, नोव्हेंबर १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री आणि १ मे १९६० ला महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री. आपला मराठवाडा १९५६ ला हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला, तेव्हा नांदेडकरांचे आणि लातूरकरांचे मुख्यमंत्री तेच झाले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता.

म्हणजे बघा, या माणसाकडे ना लष्करी शिक्षण, ना इंजिनिअरिंगची पदवी. गाठीशी होतं ते राज्य चालवण्याचं कसब.

नोव्हेंबर १९६२: हातात काय होतं?

२० ऑक्टोबर १९६२ ला चीनने हल्ला केला. महिनाभरात आपली फळी कोसळली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना राजीनामा द्यावा लागला आणि नेहरूंनी यशवंतरावांना दिल्लीला बोलावून घेतलं. ते दिल्लीत पोहोचले त्याच सुमारास चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली होती. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला गेला, असं आजही म्हणतात. पण सह्याद्री पोहोचला तेव्हा हिमालयात फक्त राखरांगोळी उरली होती.

त्या युद्धातली एक गोष्ट तंत्रज्ञानात रस असणाऱ्यांनी नक्की लक्षात ठेवावी. आपण लढाऊ विमानं वापरलीच नाहीत. हवाई दलाने माणसं आणि सामान वाहून नेलं, पण बॉम्बफेक केली नाही. चीनने उलट आपल्या शहरांवर बॉम्ब टाकले तर काय, ही भीती होती. शहरं वाचवायला पुरेसे रडार नव्हते, आधुनिक लढाऊ विमानंही फारशी नव्हती.

धाक म्हणजे काय, ते इथे नीट कळतं. तू मला मारलंस तर मीही तुला असं मारेन की तुला परवडणार नाही, ही खात्री समोरच्याला पटणं म्हणजे धाक. १९६२ मध्ये उलटं झालं. आपल्याकडे विमानं होती, पण चीनच्या उत्तराची भीती आपल्यालाच वाटली. हत्यार असूनही ते वापरता येत नसेल, तर धाक समोरच्याचा असतो.

४५ स्क्वाड्रनचं गणित

यशवंतरावांनी आधी पराभवाची चौकशी करवली. तिचे मोजके निष्कर्ष त्यांनी सप्टेंबर १९६३ मध्ये संसदेत मांडले. पूर्ण अहवाल गोपनीयच राहिला. सेनाप्रमुख आणि मंत्री यांच्यातलं बिघडलेलं नातं त्यांनी सावरलं. युद्ध कसं लढायचं यात ढवळाढवळ न करता साधनं, पैसा आणि निर्णय पुरवणं हे आपलं काम, अशी त्यांची पद्धत होती.

मग आली १९६४ ची पंचवार्षिक संरक्षण योजना. सव्वाआठ लाखांचं सैन्य आणि ४५ स्क्वाड्रनचं हवाई दल. स्क्वाड्रन म्हणजे साधारण १६ ते १८ विमानांची तुकडी. व्हॅम्पायर, तुफानी यांसारखी जुनी विमानं हळूहळू काढून नवी आणायची, रडारचं जाळं उभं करायचं, धावपट्ट्या वाढवायच्या. नोव्हेंबर १९६३ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलांसोबत शिक्षा नावाचा संयुक्त सरावही झाला.

पण नवी विमानं आणायची कुठून? मे १९६४ मध्ये यशवंतराव अमेरिकेला गेले. पाकिस्तानला दिलेली एफ-१०४ स्टारफायटर आम्हालाही द्या, ही मागणी होती. ते तिथे असतानाच २७ मे ला नेहरू गेले आणि दौरा अर्धवट सोडून त्यांना परत यावं लागलं. स्टारफायटर काही मिळाली नाहीत. त्याच वर्षी ते सोव्हिएत रशियाला गेले आणि तिथे काम झालं.

मिग-२१ घ्यायचा निर्णय मूळचा मेनन यांच्या काळातला, ऑगस्ट १९६२ चा. पहिली तुकडी १९६३ मध्ये चंदीगडला उभी राहिली. पण मूठभर विमानं विकत घेणं वेगळं आणि ती देशात बनवणं वेगळं. ते दुसरं काम यशवंतरावांच्या काळात मार्गी लागलं. विमानाचा सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी वाटणी झाली. १ ऑक्टोबर १९६४ ला जुन्या कंपन्या एकत्र करून आजची हिंदुस्तान एरोनॉटिक्स, म्हणजे एचएएल, तयार झाली. योगायोग असा की यशवंतराव १९६३ मध्ये लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले ते नाशिकमधूनच.

ॲप डाउनलोड करून वापरणं आणि त्याचा कोड आपल्या हातात असणं यात जो फरक आहे, तोच इथे आहे. पूर्ण कोड रशियाने दिला नव्हता, परवान्यावर उत्पादन होतं. तरी पत्रा कापण्यापासून विमान उडवण्यापर्यंत शिकलेली माणसं देशात तयार झाली.

१६ ऑक्टोबर १९६४: चीनचा बॉम्ब

एचएएल स्थापन होऊन पंधरा दिवस झाले आणि चीनने लोप नूर इथे पहिली अणुचाचणी केली. दोन वर्षांपूर्वी ज्या देशाने हरवलं, त्याच्याकडे आता अणुबॉम्ब. दिल्लीत खळबळ उडाली. आपणही बनवायचा का?

त्याच महिन्यात होमी भाभा आकाशवाणीवर बोलले. १० किलोटनच्या स्फोटाला साधारण साडेसतरा लाख रुपये, २ मेगाटनला ३० लाख, असे आकडे त्यांनी दिले. आज ऐकायला स्वस्त वाटतं. पण यात एक गोम होती. ही किंमत फक्त स्फोटक उपकरणाची. अणुभट्टी, प्लुटोनियम वेगळं करायचा कारखाना, बॉम्ब वाहून नेणारं विमान, रडार, सुरक्षित तळ, आदेशाची साखळी हे त्यात धरलेलं नव्हतं. ॲपची किंमत सांगितली आणि सर्व्हरचं बिल सांगायचं राहिलं, असं समजा.

आणि सर्व्हरच नव्हता! आपलं तेव्हाचं बॉम्बफेकी विमान होतं कॅनबेरा. बीजिंगपर्यंत जाऊन परत येणं त्याच्या आवाक्याबाहेर होतं. म्हणजे समजा १९६५ मध्ये बॉम्ब तयार झाला असता, तरी तो नेऊन टाकणार कशाने?

शास्त्री सरकारने मधला रस्ता घेतला: अण्वस्त्र बनवायचं नाही, पण शांततेसाठीच्या भूमिगत स्फोटाचा अभ्यास सुरू ठेवायचा. यशवंतराव या मंत्रिमंडळाचा भाग होते. त्यांच्या खात्याने भर दिला तो साध्या, न चमकणाऱ्या गोष्टींवर: डोंगरी तुकड्या, विमानं, दारूगोळा, कारखाने. मला हा क्रम बरोबर वाटतो. तेव्हा अनेकांना तो भित्रेपणा वाटला, हेही खरं.

१ सप्टेंबर १९६५: काही मिनिटांचा निर्णय

वर्षभरात परीक्षा आली. १ सप्टेंबरला पाकिस्तानी रणगाडे छांबमध्ये घुसले. अखनूरचा पूल गेला असता तर काश्मीरचा रस्ता तुटला असता. दुपारी सेनाप्रमुख जनरल जयंतो नाथ चौधरी आणि हवाई दल प्रमुख अर्जन सिंग यशवंतरावांसमोर आले. मागणी एकच: विमानं वापरायची परवानगी द्या.

१९६२ मध्ये जो निर्णय झालाच नव्हता, तोच हा. यशवंतरावांनी स्वतःच्या जबाबदारीवर काही मिनिटांत होकार दिला. संध्याकाळी पठाणकोटहून विमानं उडाली.

पण याची किंमतही बघू. पहिल्या लाटेत गेली ती जुनी व्हॅम्पायर, कारण नव्या विमानांची योजना अजून बरीचशी कागदावर होती. त्यातली चार त्याच संध्याकाळी पडली. व्हॅम्पायर लगेच आघाडीवरून मागे घेतली गेली. पुढे बंगळुरूत बनलेल्या छोट्या नॅट विमानांनी पाकिस्तानच्या सेबर विमानांना टक्कर दिली. मिग-२१ मोजकीच होती आणि त्यातली दोन ६ सप्टेंबरला पठाणकोटवरच्या हल्ल्यात जमिनीवरच नष्ट झाली. विमान कितीही आधुनिक असलं तरी तळाचं संरक्षण कच्चं असेल तर ते उडायच्या आधीच संपतं, हा धडा तिथला.

युद्ध चालू असतानाच चीनने सिक्कीम सीमेवरून निर्वाणीचा इशारा दिला. तोवर चीनच्या दोन अणुचाचण्या झाल्या होत्या. अण्वस्त्रधारी शेजारी एका बाजूला, युद्ध दुसऱ्या बाजूला. तरी दिल्ली डगमगली नाही आणि चीन प्रत्यक्ष युद्धात उतरला नाही. याला कारणं अनेक होती, पण १९६२ नंतर उभ्या केलेल्या डोंगरी तुकड्या हे त्यातलं एक. २३ सप्टेंबरला युद्ध थांबलं. या दिवसांची डायरी यशवंतरावांनी लिहून ठेवली होती. ती त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी पुस्तकरूपात आली.

मराठवाड्याचा धागा

वर ज्या जनरल चौधरींचं नाव आलं, ते आपल्याकडच्या आजी-आजोबांना माहीत असायचे. सप्टेंबर १९४८ मध्ये सोलापूरकडून नळदुर्गमार्गे निजामाच्या राज्यात शिरलेलं सैन्य त्यांच्याच हाताखाली होतं. त्याआधी निजामासाठी कराचीहून शस्त्रं यायची तीही विमानानेच, रात्री, आणि उतरायच्या जागांपैकी एक होती बीदर, उदगीरपासून फार तर दीड-दोन तासांवर. आज त्याच बीदरला हवाई दलाचे वैमानिक हॉक विमानांवर प्रशिक्षण घेतात. आकाश कोणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न नांदेड-लातूरला दूरचा कधीच नव्हता.

नंतरचं आयुष्य आणि आजचा हिशेब

१९६६ मध्ये यशवंतराव गृहमंत्री झाले, १९७० मध्ये अर्थमंत्री, १९७४ मध्ये परराष्ट्रमंत्री. मे १९७४ मध्ये पोखरणला पहिला स्फोट झाला आणि त्यानंतर जगाने भारताकडे अणुतंत्रज्ञानाची दारं बंद करायला सुरुवात केली. ऑक्टोबरमध्ये परराष्ट्र खात्यात आल्यावर त्या तापलेल्या वातावरणात जगाशी बोलणं त्यांच्या वाट्याला आलं. १९७९ मध्ये ते काही काळ उपपंतप्रधान होते. २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं. तेव्हा संरक्षणमंत्र्याच्या खुर्चीवर आपल्या नांदेडचे शंकरराव चव्हाण होते. १९६० मध्ये ते यशवंतरावांच्याच मंत्रिमंडळात होते.

आज भारताकडे अण्वस्त्रं आहेत. जमिनीवरून अग्नी क्षेपणास्त्रं, हवेतून विमानं, समुद्राखालून अरिहंत पाणबुडी. आधी वापरणार नाही, पण कोणी वापरलं तर उत्तर देऊ, हे आपलं २००३ चं जाहीर धोरण. हे धोरण टिकतं कधी? पहिला घाव सोसूनही उत्तर देता येईल इतकं काहीतरी शिल्लक राहत असेल तरच. आपण सर्व्हरचा बॅकअप तीन वेगळ्या ठिकाणी ठेवतो, तसंच हे.

आणि हवाई दल? मंजूर संख्या ४२ स्क्वाड्रन. मिग-२१ गेल्यावर उरली २९. यशवंतरावांनी १९६४ मध्ये ४५ चं लक्ष्य ठेवलं होतं, त्याला साठ वर्षं उलटली. चांगली बातमी अशी की ओझरच्या त्याच कारखान्यात पुढे सुखोई-३० बनली आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथे तयार झालेलं पहिलं तेजस एमके-१ए उडालं.

म्हणून पुढच्या वेळी ग्रुपवर कोणी एक बटण दाबलं की शत्रू खल्लास असा व्हिडिओ पाठवला, तर त्याला एवढंच विचारा: विमानं किती आहेत, ती बनतात कुठे, रडार किती लांबचं पाहतो आणि संध्याकाळच्या आत निर्णय घेणारा माणूस कोण आहे? कराडच्या त्या वकिलाने १९६२ ते १९६६ या काळात याच प्रश्नांची उत्तरं शोधली होती.