सौम्यतेचे आचार्य : संत फ्रान्सिस डी सेल्स



ज्या घरात लहान मूल आहे, त्या घरात राग हा न बोलाविलेल्या पाहुण्याप्रमाणे येतोच. छावणीच्या गुरुवारच्या बाजारात खेळणे मिळाले नाही म्हणून धुळीत लोळण घेणारा मुलगा, धाकट्याने पाटी ओढली म्हणून त्यास चावणारी थोरली बहीण, ताट दूर लोटून कोपऱ्यात रुसून बसलेले पोर, ही दृश्ये आपणांपैकी कोणास अपरिचित आहेत? परंतु नीट निरखून पाहिले तर त्या दृश्यात आणखी एक माणूस संतापलेले दिसते, आणि ते माणूस म्हणजे आपण स्वतःच होय. मुलाने ओरडू नये म्हणून आपण त्याच्याहून मोठ्याने ओरडतो. त्याने भावंडास मारू नये म्हणून आपण त्यास मारतो. आणि मग याला हा तापटपणा कोणाचा लागला, असा प्रश्न शेजाऱ्यापाजाऱ्यांस विचारीत बसतो.

आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवी पुस्तिकेत अशा एका सत्पुरुषाचे चरित्र सांगण्याचे योजिले आहे, की ज्यांचे नाव आपल्या औरंगाबाद धर्मप्रांताच्या महामंदिरास दिलेले आहे. संत फ्रान्सिस डी सेल्स यांस सर्व ख्रिस्तसभा सौम्यतेचा आदर्श मानते. त्यांची मूर्ती पाहून पुष्कळांस वाटते, की हे थोर पुरुष जन्मतःच शांत असावेत, त्यांस आमच्यासारखा राग कोठून येणार! परंतु वस्तुस्थिती नेमकी याच्या उलट आहे. ते स्वभावाने तापट होते, आणि हा ताप निवविण्यासाठी त्यांस अनेक वर्षे नित्य झगडावे लागले. त्यांच्या चरित्राचे खरे मोल यातच आहे.

फ्रान्सिस यांचा जन्म २१ ऑगस्ट १५६७ रोजी सॅव्हॉय प्रांतातील थोरां या गावी एका सरदार घराण्यात झाला. हा प्रांत त्या काळी स्वतंत्र संस्थान होता. आज थोरां गाव फ्रान्स देशात मोडते. बाळ अपुऱ्या दिवसांचे, नाजूक प्रकृतीचे आणि आईवडिलांचे पहिलेच अपत्य. आई वयाने फार लहान, पण मोठी भाविक होती. गोरगरिबांस दानधर्म करावयास ती या मुलास बरोबर नेई. वडील करारी व शिस्तप्रिय होते. मुलाने कायदा शिकावा व दरबारी मोठ्या पदास चढावे, अशी त्यांची आकांक्षा होती.

या मुलाच्या बालपणाची एक गोष्ट त्यांचे चरित्रकार सांगतात. जवळच्याच जिनिव्हा नगरात त्या वेळी कॅल्विन यांच्या मताचा अंमल होता आणि दोन्ही पक्षांत मोठे वैर माजले होते. एकदा त्या मताचा एक गृहस्थ वाड्यात पाहुणा आला. मोठ्यांच्या बोलण्यात बालकास कोण शिरू देणार? तेव्हा ते चिमुकले फ्रान्सिस काठी घेऊन धावले ते थेट कोंबड्यांच्या खुराड्याकडे, आणि बिचाऱ्या कोंबड्यांनाच पाखंडी ठरवून त्यांच्या मागे लागले! वड्याचे तेल वांग्यावर निघाले ते असे. ही गोष्ट वाचून हसू येते, परंतु आईबापांनी तिच्यातून एक बोध घ्यावा. मुलाचा राग पुष्कळदा ज्याच्यावर निघतो त्याच्याविषयी नसतोच. शाळेत झालेला अपमान घरी धाकट्या भावावर निघतो. भूक, झोप वा भय यांचे रूपांतर आदळआपटीत होते. म्हणून कोंबड्यांमागे धावणाऱ्या मुलाच्या हातून काठी काढून घेतलीच पाहिजे, परंतु तेवढ्याने काम संपत नाही. त्याच्या मनात कोणता पाहुणा येऊन बसला आहे, हेही पाहिले पाहिजे.

विद्याभ्यासासाठी फ्रान्सिस प्रथम ला रोश येथे, नंतर आन्सी येथे व पुढे पॅरिस शहरी येशूसंघीयांच्या विद्यालयात गेले. त्यांच्याबरोबर देखरेखीस जे शिक्षक दिले होते, ते विद्वान परंतु कडक आणि चटकन तापणारे होते. अशा गुरूच्या सहवासात मुले एकतर भित्री होतात किंवा स्वतःच तापट होतात. फ्रान्सिस यांनी तिसरा मार्ग धरिला. गुरूचा मान त्यांनी कधी सोडिला नाही, परंतु त्यांचा ताप मात्र उचलला नाही.

पॅरिस येथे असता, वयाच्या एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांच्यावर एक घोर मानसिक संकट आले. आपण देवास अंतरलो, आपला उद्धार होणार नाही, या विचाराने ते कित्येक आठवडे झुरत राहिले. अखेर पवित्र मरियामातेच्या मूर्तीपुढे प्रार्थना करीत असता त्यांचे चित्त शांत झाले. जो स्वतः अशा अंधारातून गेला, तो दुसऱ्याच्या मनाच्या वादळास सहसा हसत नाही. पुढे त्यांनी पापी, संशयी व संतापी माणसांशी जो कोमलपणा दाखविला, त्याचे बीज या दिवसांत पेरिले गेले, असे म्हणावयास हरकत नाही.

त्यानंतर इटलीतील पादुआ विद्यापीठात त्यांनी कायदा व धर्मशास्त्र यांचा अभ्यास करून १५९१ साली पदवी संपादिली. तेथील एक प्रसंग सांगतात तो असा, की त्यांची मृदू वागणूक पाहून काही उनाड विद्यार्थ्यांस ते भेकड वाटले, आणि त्यांनी रात्री आडवाटेस त्यांस गाठिले. तेव्हा फ्रान्सिस यांनी कमरेची तलवार उपसून त्या सर्वांस पळवून लाविले. सारांश, त्यांची सौम्यता म्हणजे दुबळेपणा नव्हे. अंगात धमक असून ती आवरून धरणे, हीच खरी सौम्यता होय.

वडिलांची आकांक्षा बाजूस ठेवून, पण त्यांची संमती मिळवून, १८ डिसेंबर १५९३ रोजी ते धर्मगुरू झाले. दुसऱ्याच वर्षी शाब्ले या डोंगराळ प्रदेशात ते मिशनकार्यास गेले. तेथे लोक त्यांचे ऐकण्यास येईनात. दारे बंद होत, आणि जिवावरचे प्रसंगही आले. तेव्हा त्यांनी आपला उपदेश कागदांवर लिहून, त्याच्या प्रती करवून त्या घरोघर दारांच्या फटींतून आत सारविण्यास आरंभ केला. याच कारणास्तव १९२३ साली पोपमहाराजांनी त्यांस लेखक व पत्रकार यांचे आश्रयदाते नेमिले. शिवीस शिवी न देता, कोणाचा पाणउतारा न करता, त्यांनी चार वर्षे हे काम केले, आणि तेथील बहुसंख्य लोक ख्रिस्तसभेत परत आले. काठी घेऊन कोंबड्यांमागे लागणारे ते बालक कोठे, आणि बंद दाराखालून प्रेमाने चिठ्ठी सारविणारा हा धर्मगुरू कोठे! आपली मुलेही रागाच्या भरात मनाचे दार लावून घेतात. ते दार लाथेने उघडत नाही. त्याच्या फटीतून धीराने एखादा गोड शब्द आत सारवावा लागतो.

८ डिसेंबर १६०२ रोजी त्यांस जिनिव्हाचे बिशप म्हणून अभिषेक झाला. परंतु त्या नगरात प्रवेश नसल्याने त्यांचे वास्तव्य आन्सी येथेच राहिले. बिशपांस कामे काय थोडी असतात? तरीही मुलांस धर्मशिक्षण देण्याचे काम त्यांनी आपल्या अंगावर घेतले. ते रस्त्याने निघाले, की मुलांचा घोळका त्यांच्या मागे लागे. मार्टिन नावाच्या एका मुक्या व बहिऱ्या तरुणास त्यांनी स्वतः खाणाखुणांनी शिकवून परमप्रसादास पात्र केले. म्हणूनच मूकबधिर त्यांस आपले आश्रयदाते मानितात. ज्यास आपले मन शब्दांनी सांगता येत नाही, त्याचे मन ओळखणे ही मोठी विद्या आहे. तीन वर्षांचे मूलही एका अर्थी मुकेच असते. त्याच्या रागास शब्द नसतात, म्हणून ते हातपाय आपटते. त्यास राग आला, वाईट वाटले, भीती वाटली, असे शब्द आपण हळूहळू पुरविले, तर हातपाय आपटण्याची गरज कमी होत जाते. आजचे शास्त्रज्ञही सांगतात, की मनास आवर घालणारा मेंदूचा भाग बालवयात अपक्व असतो व तो पक्व होण्यास पुष्कळ वर्षे लागतात. तोवर मुलास लगाम पुरवावा लागतो तो मोठ्यांनीच.

१६०९ साली त्यांचा भक्तिजीवनाचा सुप्रसिद्ध ग्रंथ छापून निघाला. संसारी माणसांस भक्तीचा मार्ग दाखविणारा हा ग्रंथ एका गृहस्थाश्रमी स्त्रीस दिलेल्या उपदेशातून तयार झाला. पुढे १६१६ साली ईश्वरप्रीतीविषयीचा त्यांचा दुसरा मोठा ग्रंथ आला. त्याच वर्षी इकडे गोमंतकात रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण छापले गेले, हा योगायोग मराठी ख्रिस्तजनांस आनंद देणारा आहे.

पहिल्या ग्रंथात त्यांनी रागाविषयी जे विवेचन केले आहे, त्याचे सार असे : रागास थोडी वाट दिली की तो सगळे घर व्यापतो, म्हणून उंबऱ्यावरच त्यास अडवावे, मात्र अडविताना धसमुसळेपणा करू नये, नाहीतर रागास आवरतानाच दुसरा राग उत्पन्न होतो. वादळात सापडलेल्या प्रेषितांप्रमाणे प्रभूस हाक मारावी. रागाच्या भरात कोणास दुखविले असेल, तर उशीर न करिता त्याच माणसाशी गोडीने वागून ती जखम भरून काढावी. मन शांत असताना सौम्यतेचा साठा करून ठेवावा; आणि आपण रागावलो म्हणून पुन्हा स्वतःवर रागावत बसू नये. मुलाच्या चुकीविषयीही त्यांनी हेच सांगितले आहे, की बापाने प्रेमाने व शांतपणे समजाविल्यास मूल जितके सुधारते, तितके त्याच्या संतापाने सुधारत नाही.

हे सारे त्यांनी आधी स्वतः आचरून दाखविले होते. एकदा एका उद्धट मनुष्याने त्यांचा तोंडावर पुष्कळ अपमान केला असता ते काहीच बोलले नाहीत. नंतर कोणी कारण विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले, की मन खवळलेले असता बोलावयाचे नाही असा आपला व जिभेचा करार ठरलेला आहे, आणि वीसबावीस वर्षे थेंब थेंब करून जमविलेली सौम्यता पाव घटकेत सांडून टाकण्याचे आपणांस भय वाटते. बंधुभगिनींनो, एवढ्या मोठ्या संतास जर वीस वर्षे लागली, तर आपल्या पाच वर्षांच्या मुलाने एका धपाट्यात शहाणे व्हावे, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करितो?

२८ डिसेंबर १६२२ रोजी लिओं शहरी त्यांनी देह ठेविला. मृत्यूनंतर त्यांच्या पित्ताशयात खडे आढळले, आणि जन्मभर गिळलेल्या रागाचेच हे खडे, असे लोक म्हणू लागले. वैद्यकशास्त्र हे मान्य करणार नाही. परंतु त्यांची शांती किती कष्टाची होती हे लोकांनी ओळखिले होते, एवढे यावरून कळते. १६६५ साली ते संतपदास चढले व १८७७ साली त्यांस ख्रिस्तसभेचे आचार्य ही पदवी मिळाली. मुलांचे सोबती संत जॉन बॉस्को यांनी आपल्या संस्थेस यांचेच नाव दिले. त्यांनाही लहानपणी एका स्वप्नात असा बोध झाला होता, की भांडणाऱ्या मुलांस ठोशांनी नव्हे, प्रेमाने जिंकावयाचे असते.

आणि आपले नाते तर याहून जवळचे आहे. १८३८ साली आन्सीच्याच धर्मप्रांतात फादर पीटर मर्मिये यांनी या संतांच्या नावाने मिशनरी संस्था स्थापिली. १८४५ साली तिचे पहिले धर्मगुरू हिंदुस्थानास निघाले. पुढे नागपूर मिशन उभे राहिले व १८८७ साली तेथे धर्मप्रांत झाला. त्यातून १९५५ साली अमरावती आणि अमरावतीतून १७ डिसेंबर १९७७ रोजी औरंगाबाद धर्मप्रांत निर्माण झाला. शहराचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले, तरी ही परंपरा आपल्याजवळ आहे तशीच आहे.

मग या महोत्सवानिमित्त आपण संतांस काय अर्पण करावे? फुले व मेणबत्त्या तर अर्पण करूच. परंतु घरी मूल संतापले म्हणजे आधी आपण दोन श्वास गप्प राहावे, त्याच्या उंचीला बसावे, मारणारा हात हळूच धरावा, आणि वादळ ओसरल्यावर मगच चूक समजावून सांगावी. जे नाकारावयाचे ते नाकारावे, पण शांत आवाजाने. आणि ज्या दिवशी आपणच चुकून ओरडलो, त्या दिवशी झोपण्यापूर्वी मुलास जवळ घेऊन आपली चूक कबूल करण्यास लाजू नये. आईबापांचा मान त्याने घटत नाही. राग आल्यावर माणसाने परत कसे यावे, हे मूल अशाच वेळी पाहून शिकते.

प्रतिवर्षी २४ जानेवारीस आपण या संतांचा सण पाळितो. तोवर आपल्या प्रत्येक घरात त्यांच्या सौम्यतेचे थोडे थेंब साठोत, आणि आपली लेकरे ती ओंजळ पुढल्या पिढीच्या हाती देवोत, हीच प्रभू येशूचरणी प्रार्थना.