फिशटँकमधले खडे आणि पियानो सोडलेला शास्त्रज्ञ: सर्गेई विनोग्राडस्की

टँकमधले खडे काळपट दिसायला लागले की बहुतेक घरांत एकच उपाय होतो. मासे मगात, पाणी मोरीत आणि खडे परातीत घेऊन नळाखाली चकचकीत होईपर्यंत चोळायचे. टँक एकदम नव्यासारखा दिसतो. मग दोन-चार दिवसांत मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागतात आणि एखादा मरतो. खापर फुटतं दुकानदारावर. खरं तर आपण खड्यांवरची एक चालू सिस्टीम फॅक्टरी रिसेट केलेली असते. ती सिस्टीम कोण चालवतं, हे शोधणाऱ्या माणसाची ही गोष्ट.

विनोग्राडस्की यांचा जन्म १८५६ चा, कीव शहरातल्या सधन घरातला. कॉलेजात मन रमेना, म्हणून १८७५ मध्ये ते सेंट पीटर्सबर्गला पियानो शिकायला गेले. तिथेही दोन वर्षांतच कंटाळले आणि विज्ञानाकडे वळले. (करिअर बदलायचं वय निघून गेलं असं विशीत वाटणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.) पुढे स्ट्रासबर्गला द बारी या वनस्पतीशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत त्यांनी गंधकाच्या झऱ्यातले जिवाणू पाहिले. या जिवाणूंना ना ऊन लागत होतं, ना शिजवलेलं-कुजलेलं अन्न. गंधकाच्या वायूतूनच ते ऊर्जा काढत होते. रसायनावर जगणारा जीव ही तेव्हा अगदी नवी कल्पना होती.

१८८८ मध्ये ते झुरिचला गेले, आणि इथून गोष्ट आपल्या टँकपर्यंत येते.

माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजलं की अमोनिया तयार होतो. अमोनिया माशांना विषारी. पॅरिसमध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी १८७७ मध्ये वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू सोडलं होतं. सुमारे वीस दिवस काही झालं नाही, मग अमोनिया गायब आणि त्याच्या जागी नायट्रेट! नळीत क्लोरोफॉर्म सोडला की काम बंद. म्हणजे हे काम कोणीतरी जिवंत करत होतं. पण कोण? इंग्लंडमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी वर्षानुवर्षं शोधलं. दोन टप्पे आहेत इथपर्यंत ते पोचले, पण जिवाणू काही वेगळे करता आले नाहीत. गंमत बघा, याच नावाच्या त्यांच्या वडिलांनी १८५० च्या सुमारास काचेच्या भांड्यात वाळू, खडे, पाणवनस्पती, गोगलगाई आणि गोल्डफिश ठेवून घरगुती मत्स्यालयाचा पाया घातला होता.

अडचण साधी होती. सगळे जण जिवाणू जिलेटिनवर वाढवत होते. जिलेटिन हे सेंद्रिय खाणं. त्यावर भलतेच जिवाणू फोफावायचे आणि हवे ते मागे पडायचे. विनोग्राडस्की यांनी उलटं केलं. सेंद्रिय काहीच द्यायचं नाही, फक्त क्षार आणि अमोनिया. बाकीचे उपाशी राहिले, हवे ते टिकले. पुढे जिलेटिनऐवजी त्यांनी सिलिका जेल वापरलं. १८९०-९१ मध्ये शोध जाहीर झाला: एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, म्हणून दोन्ही गट लागतात. नायट्रेट मात्र मासे बऱ्यापैकी सोसतात.

हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. खड्यांवर, फिल्टरच्या स्पंजवर पातळ थर करून चिकटतात. आणि वाढतात फार सावकाश. नेहमीचे काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात, यांना बरेच तास, कधी दिवसभर लागतो. म्हणून नवा टँक तयार व्हायला महिना-दीड महिना जातो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं.

तेव्हा खडे बाहेर काढूच नका. सायफनचा पाइप खड्यांत खुपसा. गाळ हलका असतो, तो पाण्याबरोबर वर जातो, खडे परत खाली बसतात. एका वेळी अर्ध्याच तळाचा गाळ काढा, पाणी पाव भागाएवढंच बदला, आणि त्याच दिवशी स्पंज धुऊ नका. स्पंज धुवायचा तोही टँकमधून काढलेल्या पाण्यातच. शिरूर अनंतपाळकडे बोअरचं पाणी वापरत असाल तर क्लोरीनचा प्रश्न नाही, पण जड पाणी बहुधा अल्कधर्मी असतं, आणि अशा पाण्यात, त्यात उन्हाळ्यात, अमोनिया जास्त घातक ठरतो. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, त्यातलं नायट्रेट झाडांना खतच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या जिल्ह्यात ते मोरीत सोडणं बरं दिसत नाही.

विनोग्राडस्की १८९१ मध्ये रशियात परतले. हवेतला नायट्रोजन पकडणारा जिवाणूही त्यांनी वेगळा केला. पन्नाशीच्या आसपास काम सोडून ते युक्रेनमधल्या आपल्या इस्टेटीवर राहायला गेले. क्रांतीत सगळं गेलं, देश सोडावा लागला. १९२२ मध्ये, वयाच्या पासष्टीनंतर, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटने बोलावलं आणि त्यांनी पुन्हा मातीतल्या जिवाणूंवर काम सुरू केलं. १९५३ मध्ये ९६ व्या वर्षी ते वारले.

त्यांच्या शोधात नंतर दुरुस्त्याही झाल्या. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये दुसरा टप्पा त्यांनी नाव दिलेला नायट्रोबॅक्टर नव्हे, तर मुख्यतः नायट्रोस्पायरा करतो, हे १९९८ मध्ये दिसलं. आणि दोन्ही टप्पे एकटाच करणारा नायट्रोस्पायरा २०१५ मध्ये सापडला. त्याचा एक नमुना मत्स्यपालनाच्या फिल्टरमधला होता.