दिवसाला एकच शर्ट होता, पण आगरकरांनी वऱ्हाडात येऊन इंग्रजीची मॅट्रिक काढलीच

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात एक प्रश्न असतो ज्याची धास्ती आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पोरांना ग्रामरपेक्षा जास्त असते. न पाहिलेला उतारा. धडा पाठ करता येतो, निबंध पाठ करता येतो, गाईड घेऊन कवितेचं रसग्रहणही घोकता येतं. पण जो उतारा आयुष्यात कधी पाहिलाच नाही, तो पाठ कसा करणार?

आणि लेखी 80 मार्कांच्या पलीकडे जे 20 मार्क तोंडी परीक्षेचे असतात, त्यात ऐकून समजण्याची परीक्षा असते. आमच्या वेळी सर एक उतारा दोनदा वाचायचे आणि मग प्रश्न विचारायचे. पहिल्या वाचनाला अर्धा वर्ग खिडकीबाहेर बघायचा, दुसऱ्या वाचनाला उरलेला अर्धा. मी कोणत्या अर्ध्यात होतो ते सांगत नाही.

तर हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गोपाळ गणेश आगरकर. हो, तेच सुधारक आगरकर. आपल्याला ते माहिती असतात ते टिळकांचे मित्र आणि नंतर विरोधक म्हणून, नाहीतर जिवंतपणी ज्यांची प्रेतयात्रा निघाली ते म्हणून. पण या माणसाने इंग्रजीची परीक्षा काढली ती पुण्यात नाही, मुंबईत नाही, तर आपल्या वऱ्हाडात. अकोल्यात. आणि ती काढण्याआधी त्याला तीन गावं फिरावी लागली होती.

गोष्ट सुरू होते कराडजवळच्या टेंभू गावात. 14 जुलै 1856 ला आगरकरांचा जन्म झाला. घरची परिस्थिती अगदीच बेताची. शिकायला म्हणून ते कराडला आले, थोडं इंग्रजी शिकले आणि पुढे पैशाअभावी शिक्षण थांबलं. मग कचेरीत उमेदवारी कर, दवाखान्यात कंपाउंडरचं काम कर, असं चालू झालं. मधे कुणीतरी सांगितलं की रत्नागिरीला सोय होईल, तर हा मुलगा कराडवरून रत्नागिरीला चालत गेला. घाट उतरून. तिथे काही जमलं नाही, परत आला.

शेवटी नातेवाइकांच्या आधाराने ते अकोल्याला पोचले.

आता त्या काळचं वऱ्हाड कसं होतं ते बघू. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं होतं. 1867 मध्ये मुंबईवरून निघालेली रेल्वे भुसावळ, अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली होती. कापसाला भाव होता, कचेऱ्या निघत होत्या, आणि कचेऱ्यांना इंग्रजी येणारी माणसं पाहिजे होती. आपला यवतमाळ जिल्हा तेव्हा या नावाने ओळखलाच जात नव्हता, वणी जिल्हा म्हणायचे. रेल्वे आपल्याकडे आली ती पुढच्या शतकात, मूर्तिजापूरवरून, आपली शकुंतला. म्हणजे वऱ्हाडातल्या पोराला हायस्कूल शिकायचं तर अकोला किंवा अमरावती गाठावी लागायची.

आणि मॅट्रिक म्हणजे काय चीज होती? मुंबई विद्यापीठाची प्रवेश परीक्षा. 1859 मध्ये ती पहिल्यांदा झाली, त्यात पास झालेल्या मोजक्या पोरांमध्ये न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. इंग्रजी सक्तीचं. पण खरी गोम वेगळीच होती. इंग्रजी हा नुसता एक विषय नव्हता. गणित, इतिहास, भूगोल यांची उत्तरंही इंग्रजीतच लिहायची. मराठी शाळेतून आलेला पोरगा हायस्कूलच्या वरच्या वर्गात गेला की मास्तर फळ्यावर भूमिती शिकवतायत तीही इंग्रजीत. म्हणजे ऐकून समजण्याची परीक्षा वर्षातून एकदा नव्हती, रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत होती.

बरं, ऐकायचं तरी कुणाकडून? आज आपण मोबाईलवर कार्टून लावून, क्रिकेटची कॉमेंटरी लावून कान तयार करू शकतो. एडिसनने आवाज साठवणारं यंत्र दाखवलं ते 1877 मध्ये, आगरकर तोपर्यंत मॅट्रिक होऊन कॉलेजात गेले होते. त्यांच्या कानावर शाळेत जे इंग्रजी पडलं ते मास्तरांच्या तोंडचं. मास्तर चांगला तर पोरगा तरला.

आगरकर इथे नशीबवान ठरले. अकोल्याच्या हायस्कूलमध्ये त्यांना विष्णु मोरेश्वर महाजनी भेटले. हे महाजनी स्वतः एम. ए., कवी, आणि शेक्सपिअरच्या नाटकांची मराठी रूपांतरं करणारे. इंग्रजी वाचायचं, समजून घ्यायचं आणि मराठीत आणायचं, हे काम करणारा माणूस समोर उभा राहून शिकवतोय म्हटल्यावर काय पाहिजे? या गुरू-शिष्यांचा एक किस्सा सांगितला जातो. महाजनी एकदा चिडून म्हणाले की तुमच्यासारख्या पोरांच्या हातून काय होणार. त्यावर आगरकरांनी ताडकन सांगून टाकलं की तुमच्यासारखा एम. ए. होऊनच दाखवतो. मास्तर रागावले नाहीत. उलट पुढे मदतच केली.

पण पोट भरायचं होतंच. त्यासाठी आगरकर अकोल्यातल्या वऱ्हाड समाचार या पत्रात लिहायचे. म्हणजे ज्या माणसाने पुढे केसरीचं संपादन केलं, सुधारक काढला, त्याची पत्रकारितेची शाळा वऱ्हाडातच सुरू झाली होती. पुण्याच्या मित्रांना हे जरा आवर्जून सांगत जा.

1875 मध्ये आगरकर मॅट्रिक झाले आणि पुण्याला डेक्कन कॉलेजात दाखल झाले. इथला शर्टचा किस्सा प्रसिद्ध आहे. त्यांच्याकडे एकच शर्ट होता. रात्री धुवून वाळत टाकायचा, सकाळी तोच घालून वर्गात जायचं. परीक्षेच्या फीला पैसे नव्हते म्हणून त्यांनी नाटक लिहून पैसे उभे करायचं ठरवलं होतं आणि ते कळल्यावर प्राध्यापक केरो लक्ष्मण छत्र्यांनी मदत केली, असंही सांगतात. 1878 ला बी. ए. झाले. मग एम. ए. ला असताना तिथेच टिळकांशी गट्टी जमली.

एम. ए. झालेल्या माणसाला तेव्हा सरकारी नोकरी हात जोडून उभी असायची. आईला वाटत होतं, आता आपले हाल संपले. आणि आगरकरांनी आईला पत्र लिहून कळवलं की मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा ठेवू नकोस, पोटापुरतं मिळवून बाकी वेळ लोकांच्या कामात घालवणार आहे. ज्या आईने पोराला घाट उतरून जाताना पाहिलं होतं, तिला हे वाचून काय वाटलं असेल, याचा विचार मी बरेचदा करतो. आपल्याकडे ते पत्र नेहमी पोराच्या बाजूने सांगितलं जातं.

2 जानेवारी 1880 ला विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळकांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं होतं. एम. ए. उरकून आगरकर तिथे रुजू झाले. या शाळेचं काम काय? थोडक्यात सांगायचं तर पोरांना मॅट्रिक काढून देणं. सरकारी शाळेपेक्षा कमी फीमध्ये आणि तिच्यापेक्षा चांगलं. पहिल्या काही वर्षांतच इथल्या पोरांनी मॅट्रिकच्या शिष्यवृत्त्या पटकावल्या आणि शाळेचं नाव झालं. काल ज्याला स्वतःला इंग्रजीच्या परीक्षेसाठी गावोगाव फिरावं लागलं, तो आज दुसऱ्यांच्या पोरांची तयारी करून घेत होता.

1881 च्या जानेवारीत केसरी निघाला, संपादक आगरकर. कोल्हापूरच्या दिवाणांवर केलेल्या टीकेवरून खटला झाला आणि 1882 मध्ये टिळक-आगरकरांना शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात 101 दिवस काढले. आणि त्या तुरुंगात आगरकर काय करत होते? हॅम्लेटचं मराठी भाषांतर. ते 1883 मध्ये विकारविलसित या नावाने छापून आलं. ज्याला अकोल्यात महाजनींनी शेक्सपिअरची गोडी लावली, तो तुरुंगातही तेच घेऊन बसला.

आता मला ज्या पुस्तकाबद्दल खरं सांगायचं आहे ते वेगळंच आहे. कारण ते कुणी सांगत नाही. 1888 मध्ये आगरकरांचं वाक्यमीमांसा आणि वाक्याचे पृथक्करण नावाचं पुस्तक आलं. नाव ऐकूनच झोप यावी असं आहे. पण न पाहिलेल्या उताऱ्याची किल्ली तिथेच आहे.

वाक्य पृथक्करण म्हणजे वाक्य उकलणं. इंग्रजी व्याकरणातली ही पद्धत आगरकरांनी मराठी वाक्यांना लावून दाखवली. मुख्य वाक्य कोणतं, गौण कोणतं, कर्ता कोण, क्रियापद कुठे. आता समजा उताऱ्यात वाक्य आलं, द बॉय हू वन द रेस लिव्ह्ज इन पुसद. आपला पोरगा काय करतो? एकेक शब्दाचा अर्थ लावत जातो. मुलगा, कोण, जिंकला, शर्यत, राहतो. आणि गोंधळतो, कारण हू म्हणजे कोण असं त्याने पाठ केलंय, त्यामुळे त्याला तो प्रश्न वाटतो. पण हेच मराठीत जो मुलगा शर्यत जिंकला तो पुसदला राहतो, असं मांडलं की लक्षात येतं, हा हू म्हणजे आपला जो. मुख्य गोष्ट पुसदला राहण्याची आहे, शर्यत ही फक्त ओळख पटवायला आली आहे. पुसदला कोण राहतं, या प्रश्नाचं उत्तर मग शब्दार्थ न बघता देता येतं.

ऐकतानाही तसंच आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे आपला कान वाक्य संपायची वाट बघतो. इंग्रजीत ते कर्त्याच्या मागोमाग येऊन निघूनही जातं. आपण शेवटाकडे कान लावून बसतो, आणि काय घडलं ते आधीच सांगून झालेलं असतं. मला हे शाळेत कुणी सांगितलं असतं तर मी खिडकीबाहेर जरा कमी बघितलं असतं.

पण आगरकरांची गोष्ट सांगून तो बघ, गरीब असून शिकला, असं आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना ऐकवायचं असेल, तर जरा थांबावं लागेल. आगरकर गरीब होते, पण ब्राह्मण होते. ज्या काळात ते अकोल्यात शिकत होते, त्या काळात वणी जिल्ह्यातल्या कोलामाच्या, गोंडाच्या किंवा बंजारा तांड्यावरच्या पोराने हायस्कूलचा उंबरठा ओलांडणं ही जवळपास कल्पनेतली गोष्ट होती. आगरकरांसाठी इंग्रजी ही मराठीनंतरची भाषा होती. आजही झरी जामणीच्या कोलाम पोडावर किंवा दिग्रसजवळच्या तांड्यावर वाढलेल्या पोरासाठी घरची भाषा कोलामी किंवा गोरमाटी, शाळेतली मराठी दुसरी आणि इंग्रजी त्याच्याही पुढची. भाषांतराच्या प्रश्नात ते पोरगं ज्या मराठीत लिहितं, ती त्याच्या आईची भाषा नसते.

मुलींचंही तेच. मुंबई विद्यापीठाची दारं मुलींना उघडली ती 1883 मध्ये. पुण्यात 1884 मध्ये मुलींचं हायस्कूल निघालं, तर तिथे मुलांसारखं इंग्रजी शिकवतात म्हणून टीका झाली. टिळकांचा त्या शिक्षणक्रमाला विरोध होता. आगरकरांचं म्हणणं होतं की मुलींनाही मुलांसारखंच शिक्षण द्या, एकत्र द्या. अशा कारणांवरून दोघांचं बिनसत गेलं. 1887 मध्ये आगरकरांनी केसरी सोडला आणि 1888 च्या ऑक्टोबरमध्ये सुधारक काढला. त्यात मराठी मजकूर आगरकरांचा आणि इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे. बालविवाह, विधवांचं केशवपन, जातीचे नियम, सगळ्यांवर लिहिलं. पुण्यातल्या सनातन्यांनी जिवंत आगरकरांची प्रेतयात्रा काढली, ती याच काळात.

1892 मध्ये वामन शिवराम आपटे गेले आणि आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याने शरीर पोखरलं होतं. 17 जून 1895 ला ते गेले, वय 39 सुद्धा पूर्ण नव्हतं. स्वतःच्या अंत्यविधीचा खर्च कुणावर पडू नये म्हणून त्यांनी पैशाची पुडी बांधून ठेवली होती, असं सांगतात.

तुरुंगातल्या त्या भाषांतराचं पुढे काय झालं? शाहूनगरवासी नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणलं आणि गणपतराव जोशींचा हॅम्लेट इतका गाजला की लोक पुन्हा पुन्हा बघायला जायचे. त्यातल्या कितीतरी जणांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं.