विल्बर राइटचं उकळलेलं पाणी

सप्टेंबर १९००. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर किटी हॉक नावाचं वाळूच्या टेकड्यांचं गाव. तिथे पोस्टाचं काम पाहणाऱ्या टेट कुटुंबाच्या दारात तेहेतीस वर्षांचा एक सडपातळ माणूस उभा राहिला. वादळात सापडलेल्या जहाजातून तो आला होता, आणि जहाजातलं अन्न इतकं अस्वच्छ होतं की बहिणीनं दिलेल्या जॅमशिवाय त्यानं काही खाल्लं नव्हतं. सामानात लाकडी फासळ्या, कापड आणि धातूचे सुटे भाग होते. या पाहुण्यानं घरच्या बाईंकडे एकच खास विनंती केली. रोज सकाळी खोलीत उकळलेल्या पाण्याचा एक जग ठेवावा.

हा विल्बर राइट. विमानाचा शोध लावणाऱ्या दोन भावांपैकी थोरला. उकळलेल्या पाण्याच्या आग्रहामागे चार वर्षांपूर्वीचा एक ताप होता.

ऑगस्ट १८९६ मध्ये ओहायो राज्यातल्या डेटन गावात त्याचा धाकटा भाऊ ऑरव्हिल टायफॉइडनं अंथरुणाला खिळला. आपल्याकडची जुनी माणसं याला मुदतीचा ताप म्हणत आणि ते नाव अगदी बरोबर होतं, कारण औषध नसलेल्या काळात मुदत संपेपर्यंत वाट पाहण्यापलीकडे काही हातात नसे. वडील मिल्टन राइट धर्मगुरू होते आणि कामानिमित्त परगावी होते. त्यांनी पत्रानं सूचना पाठवल्या: दुकानाच्या विहिरीचं पाणी कुणी वापरू नका, पिण्याचं पाणी उकळा, रोग्याला हवेशीर खोलीत ठेवून अंग पुसून घ्या. आजही यातला शब्द बदलावा लागणार नाही. विल्बर आणि बहीण कॅथरीन आळीपाळीनं उशाशी बसले. ऑरव्हिल उठून बसला तो थेट ऑक्टोबरात.

याच महिन्यांत जर्मनीहून बातमी आली की ओटो लिलिएंथाल ग्लायडरवरून कोसळून, पाठीचा कणा मोडून गेला. दोन हजारांवर उड्डाणं केलेला माणूस. विल्बरच्या मनात उडण्याचा जुना विषय पुन्हा जागा झाला तो या मृत्यूनं, आणि तोही भावाच्या आजारपणात.

विल्बर स्वतः रोगी होऊन गेला होता. अठराव्या वर्षी बर्फावर हॉकीसारखा खेळ खेळताना तोंडावर काठी बसली आणि पुढचे दात गेले. जखम भरली, पण छातीत धडधड आणि पोटाच्या तक्रारी सुरू झाल्या. येल विद्यापीठात जायचा बेत बारगळला. तीनेक वर्षं तो घरातच राहिला. त्या काळात आईचा क्षय बळावत होता. तिला रोज जिन्यावरून उचलून खाली आणणं आणि रात्री वर नेणं हे विल्बरचं काम. १८८९ मध्ये ती गेली. विल्बरच्या त्या धडधडीला आज आम्ही काय म्हटलं असतं? ईसीजी काढला असता, तो बहुधा नॉर्मल आला असता आणि मग मनाबद्दल विचारलं असतं. वडिलांचा ग्रंथसंग्रह मात्र त्यानं याच वर्षांत वाचून काढला, आणि आजाऱ्याची सेवा करणारा माणूस जी सावधगिरी शिकतो ती शिकला.

१८९२ पासून दोघा भावांचं सायकलींचं दुकान होतं. वसंत आणि उन्हाळा म्हणजे धंद्याचा सीझन, विमानाला वेळ मिळायचा तो त्यानंतर. १८९९ मध्ये सायकलच्या ट्यूबचं रिकामं लांबट खोकं हातात पिळता पिळता विल्बरला सुचलं की विमानाचे पंखही असेच पिळता आले तर तोल सांभाळता येईल. त्यानं आधी पाच फुटी पतंगावर ते करून पाहिलं. मग मोठ्या ग्लायडरचे भाग डेटनमध्ये तयार केले आणि ते रेल्वेनं, बोटीनं किटी हॉकला नेऊन जोडले. आज घरच्या गॅरेजमध्ये सुट्या भागांच्या संचातून विमान जोडणारे हौशी लोक आहेत, त्यांचं काम याहून फार वेगळं नसतं. अडचणीही तशाच. वाटेत हवं तेवढं लांब लाकूड मिळेना, तेव्हा विल्बरनं आखूड पाइन घेतलं आणि टेटबाईंच्या शिलाई मशीनवर बसून पंखांचं कापड उसवून पुन्हा शिवलं. सगळा खर्च पंधरा डॉलरच्या आसपास. प्रयोग संपल्यावर त्याच साटीनचे फ्रॉक टेट यांच्या मुलींना झाले.

पुढचा भाग शाळेच्या पुस्तकात असतो, म्हणून थोडक्यात. १९०१ चं ग्लायडर फसलं. मग दुकानात सहा फुटी वातबोगदा बनवून त्यांनी दोनशेच्या आसपास पंखांचे छोटे नमुने तपासले. दुकानातल्या चार्ली टेलरनं सहा आठवड्यांत इंजिन बनवलं. १७ डिसेंबर १९०३ ला पहिलं उड्डाण ऑरव्हिलनं केलं, १२ सेकंदांचं. दिवसातलं सर्वांत मोठं, ५९ सेकंदांचं आणि ८५२ फुटांचं, विल्बरनं. मला या सगळ्यात भावतो तो धोका हाताळण्याचा क्रम. पतंग, मग ग्लायडर, मग इंजिन. वाळूवर, जमिनीलगत. दोघांनी एकत्र उडायचं नाही, असं वडिलांना दिलेलं वचन फक्त एकदा, १९१० मध्ये, त्यांच्या परवानगीनं बाजूला ठेवलं.

तरी अपघात झालाच. सप्टेंबर १९०८ मध्ये पंखा तुटून ऑरव्हिलचं विमान पडलं. सोबतचा लेफ्टनंट सेल्फ्रिज मरण पावला, ऑरव्हिलची मांडी आणि बरगड्या मोडल्या. खुब्याची मोडलेली हाडं तर बारा वर्षांनी एक्स-रेत दिसली. विल्बर तेव्हा फ्रान्समध्ये उड्डाणं दाखवत होता. नंतरची त्याची वर्षं विमानापेक्षा पेटंटच्या खटल्यांत जास्त गेली.

एप्रिल १९१२ च्या अखेरीस बोस्टनला असताना विल्बरला बरं वाटेनासं झालं. डेटनला परतल्यावर मेच्या पहिल्या आठवड्यात ताप चढला. टायफॉइड. बोस्टनमध्ये खाल्लेल्या शिंपल्यांवर घरच्यांचा संशय होता. पण हा जंतू पोटात गेल्यावर ताप यायला सहसा एक ते दोन आठवडे लागतात, त्यामुळे दोष त्याआधीच्या कुठल्याही ताटाचा किंवा पेल्याचा असू शकतो. घरी पाणी उकळता येतं. प्रवासात दुसऱ्याच्या स्वयंपाकघरावर भरवसा ठेवावाच लागतो.

साल्मोनेला टायफी हा जंतू आतड्यातून रक्तात शिरतो आणि लहान आतड्याच्या भिंतीतल्या लसिका ग्रंथींत ठाण मांडतो. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तिथल्या जखमांतून रक्तस्राव होऊ शकतो, आतड्याला भोक पडू शकतं. तेव्हा उपचार म्हणजे थंड पाण्यानं अंग पुसणं, पातळ आहार आणि शुश्रूषा. १० मे रोजी विल्बरनं मृत्युपत्र केलं. ३० मेच्या पहाटे तो गेला. वय ४५. विमानविद्येवरची पुस्तकं मागणारं पत्र त्यानं स्मिथसोनियन संस्थेला लिहिलं होतं, त्यालाही त्या दिवशी बरोबर तेरा वर्षं झाली.

लस होती. अल्मरॉथ राइट या इंग्रज डॉक्टरनं (आडनाव तेच, नातं नाही) ती १८९६ मध्येच करून पाहिली होती, म्हणजे ऑरव्हिल तापानं फणफणत होता त्याच वर्षी. तिच्यामागे हाफकिन यांच्या कॉलऱ्याच्या लशीची प्रेरणा होती, ज्यांच्या नावाची संस्था आपल्या परळला आहे. अमेरिकी सैन्यात १९११ पासून ती सक्तीची झाली, पण विल्बर सैनिक नव्हता. रोगावरचं औषध, क्लोरॅम्फेनिकॉल, मलायातल्या रुग्णांवर आजमावलं गेलं ते १९४८ मध्ये. पुढे जंतूनं त्यालाही दाद देणं सोडलं, नंतर सिप्रोफ्लॉक्सॅसिनलाही. पावसाळ्यात आमच्या ओपीडीत विडालचा कागद घेऊन येणारे पुष्कळ असतात. त्या एका कागदावरून टायफॉइड ठरत नाही, गोळी सुरू करण्याआधी ब्लड कल्चर पाठवलेलं बरं. आणि योग्य औषध चालू असूनही ताप उतरायला चार-पाच दिवस लागतात, तेव्हा तिसऱ्या दिवशी डॉक्टर बदलू नये. नवी संयुग्म लस लहान मुलांनाही चालते. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेनं नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांना ती मोफत टोचली. सार्वजनिक मोहिमेत ही लस वापरण्याची ती पहिलीच वेळ.

राइट कुटुंबानं डेटनजवळच्या टेकडीवर मोठ्या घरासाठी जागा घेतली होती. १९१४ मध्ये वडील, कॅथरीन आणि ऑरव्हिल तिथे राहायला गेले. पुढच्याच वर्षी ऑरव्हिलनं विमानांची कंपनी विकून टाकली.