नीळकंठशास्त्री गोऱ्हे आणि ईश्वराच्या न्यायाचा प्रश्न

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची चर्चा बहुधा बाबा पदमनजी आणि नारायण वामन टिळक यांच्याभोवती फिरते. नीळकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोऱ्हे यांचा उल्लेख पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराच्या संदर्भात होतो, आणि तोही ओझरता. गोऱ्ह्यांनी मराठीपेक्षा संस्कृत, हिंदी व इंग्रजीत अधिक लिहिले, हे त्याचे एक कारण असावे. दुसरे कारण असे की त्यांच्यावर खंडनकाराचा शिक्का बसला. तो अगदीच चुकीचा नाही. परंतु ज्या प्रश्नातून हे खंडन उद्भवले, तो प्रश्न त्यामुळे झाकला गेला.

गोऱ्ह्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ रोजी झाशीनजीक काशीपुरा येथे एका कोकणस्थ ब्राह्मण कुटुंबात झाला. बांद्याच्या नबाबाच्या पदरी मानाची चाकरी केलेले हे घराणे पुढे काशीत स्थायिक झाले. तेथेच नीळकंठाचे पारंपरिक संस्कृत अध्ययन झाले. घरची उपासना शिवाची असता हा तरुण विचारान्ती विष्णुभक्तीकडे वळला. परंपरेने आलेली श्रद्धाही पारखून घेण्याची ही वृत्ती पुढील आयुष्याच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

जॉन म्यूर यांनी १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ हा ख्रिस्ती मताचे मंडन करणारा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध केला होता. त्याला उत्तर म्हणून, वयाच्या विशीच्या सुमारास, गोऱ्ह्यांनी १८४४-४५ मध्ये ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा पद्यग्रंथ रचला. त्यातील आक्षेपांचा रोख ईश्वराच्या न्यायीपणावर आहे. जीवाला पूर्वजन्म नसेल, तर जन्मांध बालकाचे दुःख कोणत्या कर्माचे फळ म्हणावयाचे? पशूंच्या यातनांची उपपत्ती कशी लावावयाची? सर्वज्ञ ईश्वराला मनुष्याच्या पतनाचे ज्ञान आधीपासून असेल, तर त्याने त्याला निर्माण का केले? आणि अल्प आयुष्यातील पापासाठी अनंत नरक हा न्याय कसा? ऑगस्टिनपासून पाश्चात्त्य ईश्वरमीमांसेला सतावणाऱ्या प्रश्नांपाशी काशीचा हा पंडित कर्मसिद्धान्ताच्या वाटेने येऊन पोहोचला होता. स. ल. कात्रे यांनी संपादित केलेला हा ग्रंथ उज्जैनहून १९५१ मध्ये प्रकाशित झाला.

त्याच काळात मिशनरी विल्यम स्मिथ यांच्याशी गोऱ्ह्यांचा वाद सुरू होता. वाद जिंकण्यासाठी त्यांनी बायबल वाचावयास घेतले आणि ते वाचनच त्यांना पालटून गेले. १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे काही वर्षांतच पत्नी लक्ष्मीबाई निवर्तल्या. कन्या एलेन लक्ष्मी इंग्लंडमध्ये परक्या घरी वाढली. ती पुढे इंग्रजी भक्तिगीतांची कवयित्री झाली. १८५४ मध्ये महाराजा दुलीपसिंग यांच्याबरोबर गोऱ्हे इंग्लंडला गेले. तेथे मॅक्सम्यूलर यांची भेट झाली; मात्र ग्रंथांतून कल्पिलेला ख्रिस्ती समाज तेथे न आढळल्याने ते खिन्न झाले.

‘षड्दर्शनदर्पण’ हा त्यांचा प्रमुख ग्रंथ १८६० मध्ये हिंदीत प्रसिद्ध झाला. फिट्झएडवर्ड हॉल यांनी १८६२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर केले. त्यातील युक्तिवादाचा गाभा सृष्टिकर्तृत्वाच्या कल्पनेत आहे. न्यायमतात परमाणू आणि जीव नित्य, कर्म अनादि. तेव्हा ईश्वर हाती आलेल्या मातीला आकार देणाऱ्या कुंभारासारखा ठरतो आणि त्याच्या सामर्थ्याला मर्यादा पडते. ख्रिस्ती मताचा ईश्वर पूर्वसिद्ध उपादानावाचून, केवळ स्वेच्छेने सृष्टी उत्पन्न करतो. वेदान्ताविषयी त्यांचा आक्षेप अधिक तीक्ष्ण आहे. ब्रह्म चैतन्यस्वरूप म्हणावे, पण ज्याला ज्ञेयच नाही ते ज्ञान कसले? आणि उपास्य ईश्वर व्यावहारिक सत्तेपुरताच असेल, तर भक्ताची प्रार्थना परमार्थतः कोणापर्यंत पोहोचते?

येथे गोऱ्ह्यांच्या मांडणीची मर्यादाही नोंदवली पाहिजे. अभिजात ख्रिस्ती ईश्वरमीमांसा, विशेषतः थॉमस अक्वायनस, ईश्वराच्या ठायी द्रव्य आणि गुण असा भेद मानत नाही. ईश्वराचे ज्ञान, त्याचा चांगुलपणा व त्याचे अस्तित्व एकरूपच आहेत, आणि मनुष्याविषयी वापरलेले शब्द त्याला केवळ सादृश्याने लागू पडतात. या दृष्टीने पाहता निर्गुण ब्रह्म आणि हा निरवयव ईश्वर यांतील अंतर गोऱ्ह्यांना वाटले तेवढे मोठे नाही. अक्वायनसच्या परंपरेचा आधार घेणाऱ्या ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी पुढे सच्चिदानंद या पदातच त्रैक्य पाहिले. गोऱ्ह्यांनी हा मार्ग स्वीकारला नाही. त्यांची दृष्टी सतत उपासकाच्या गरजेवर खिळलेली होती, आणि तिला शंकराचार्यांच्या सूक्ष्म भेदांना पुरता न्याय देता आला नाही.

१८७० मध्ये त्यांना अँग्लिकन चर्चची धर्मगुरुदीक्षा मिळाली. १८७६ मध्ये ते ऑक्सफर्डच्या काउली संघात उमेदवार म्हणून दाखल झाले, परंतु अखेरची शपथ त्यांनी कधीच घेतली नाही. मुंबई व पुणे येथे ब्राह्मो आणि प्रार्थनासमाजी मंडळींपुढे त्यांनी व्याख्याने दिली. त्यांतील चार १८७५ मध्ये पुस्तकरूप झाली. ईश्वर पवित्र आहे, पिता आहे, ही समाजाची श्रद्धा निव्वळ तर्काने प्राप्त होत नाही, ती ख्रिस्ती प्रकटीकरणातून आलेली आहे, असा त्यांचा दावा होता. पश्चात्तापानेच पाप धुतले जाते, हे समाजाचे मतही त्यांना ईश्वराच्या न्यायाशी विसंगत वाटे. रमाबाई समाजाच्या मतातून ख्रिस्ताच्या देवत्वाकडे वळल्या, त्या वळणावर गोऱ्ह्यांच्या लेखनाचा आधार होता. १८८३ मध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

एवढे करूनही विसाव्या वर्षी मांडलेल्या एका आक्षेपाने त्यांना सोडले नाही. अनंत शिक्षेचा सिद्धान्त त्यांनी चर्चच्या अधिकारावर स्वीकारला, परंतु बुद्धीने तो त्यांना कधी पटला नाही. जन्मांतराची उपपत्ती टाकून दिल्यावर तिची जागा घेईल असे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते, आणि आहे असा आवही त्यांनी आणला नाही. संशय आणि आत्मपरीक्षण यांनी त्यांचे उत्तरायुष्य व्यापलेले दिसते. वृत्तीने विरक्त, वेषाने साधे आणि वादात निर्भीड असे हे गृहस्थ २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत निवर्तले.