चिमाजी अप्पा

आपल्या देशात पुष्कळ थोर वीर होऊन गेले. त्यांतले चिमाजी अप्पा मला फार आवडतात. ते बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचे धाकटे चिरंजीव. आईचे नाव राधाबाई. थोरले बाजीराव हे त्यांचे मोठे भाऊ.

त्या वेळी आपल्या ठाणे-वसईकडे फिरंग्यांचे राज्य होते. फिरंगी म्हणजे पोर्तुगीज. ते समुद्रातून गलबतांनी आले आणि दोनशे वर्षं राहिले. ते लोकांच्या धर्माला त्रास देत. भिवंडीजवळच्या अंजूर गावचे गंगाजी नाईक पेशव्यांकडे गाऱ्हाणे घेऊन गेले. मग १७३७ साली मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला. तिथे आता जेल आहे. बाबांनी मला बाहेरून दाखवलं.

वसई मात्र लवकर मिळेना. तेव्हा अप्पा म्हणाले की, मला तोफेच्या तोंडी बांधा, निदान माझं डोकं तरी किल्ल्यात पडू दे. अशी गोष्ट लोक सांगतात. शेवटी १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली.

आम्ही गॅदरिंगला ह्याच गोष्टीचं नाटक केलं. सगळ्यांना अप्पा व्हायचं होतं. मला फिरंगी केलं. तोंडाला काजळ फासलं. पोरं मला राक्षस राक्षस म्हणून चिडवायची. आजीच्या गोष्टीतला फिरंगी पण राक्षसासारखाच असतो. मी घरी जाऊन रडलो.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना विचारलं, फिरंगी खरंच राक्षस होते का. गुरुजींनी सांगितलं की ती माणसंच होती. त्यांनी जुलूम केला हे खरं, पण ते शूरही होते. म्हणून तर लढाई दोन वर्षं चालली. ते शरण आल्यावर अप्पांनी त्यांना मारलं नाही. बायकापोरं आणि सामान घेऊन मानाने जाऊ दिलं. ज्यांना राहायचं होतं त्यांना राहू दिलं.

मग मी नाटकात शेवटी रडत पळालो नाही. ताठ चालत गेलो. सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

फिरंग्यांच्या चर्चमधल्या मोठ्या घंटा मराठ्यांनी आणून देवळांत बांधल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात तशी एक घंटा आहे. तिच्यावर १७२१ साल आहे.

१७४० साली बाजीराव वारले. त्याच वर्षी डिसेंबरात अप्पाही वारले. पानिपतावर लढलेले सदाशिवराव भाऊ हे त्यांचेच चिरंजीव.

अशा शूर आणि मोठ्या मनाच्या चिमाजी अप्पांना माझा नमस्कार.

इयत्ता चौथी, शीळफाटा